बंदी नको, नोंदवही हवी

2024च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातल्या गावोगावी रात्री ड्रोन घिरट्या घालतात, अशा बातम्यांनी लोकांची झोप उडवली. चोर टेहळणी करतात असा समज पसरला आणि तरुण काठ्या घेऊन गस्तीला निघाले. लोहगावचा हवाई तळ जवळ असलेल्या मांजरीसारख्या भागात तर खासगी ड्रोनवर सरसकट बंदीच घाला, असे अनेकांना वाटते. त्यामागची भीती खरी आहे. गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईच्या डोक्यावर अनोळखी कॅमेरा येऊन थांबला तर तिने काय समजायचे?

पण बंदी आपण करून पाहिली आहे. ऑक्टोबर 2014मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नागरी ड्रोनना मनाई केली. 1 डिसेंबर 2018ला नवे नियम लागू होईपर्यंत ती टिकली. त्या काळात लग्नांतले ड्रोन थांबले का? ते उडतच राहिले, फक्त कोणता कुणाचा, हे सरकारदरबारी कुणालाच ठाऊक नव्हते. चोर परवानगी मागायला येत नाही. बंदी आली की घरी बसतो तो रीतसर नोंदणी केलेला माणूस.

तो घरी बसला की किंमत शेतकरी मोजतो. मांजरीत वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. ऊस पुरुषभर वाढला की पाठीवर पंप घेऊन सरीत शिरणे किती जिकिरीचे, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. 2017मध्ये यवतमाळ जिल्ह्यात उंच वाढलेल्या कपाशीत फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. माणसाला त्या विषापासून दूर ठेवणारा फवारणीचा ड्रोन आपण केवळ भीतीपोटी नाकारणार आहोत का?

विमानांच्या सुरक्षिततेची सोय 25 ऑगस्ट 2021च्या ड्रोन नियमांत आहे. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपेक्षा उंच जायला परवानगी लागते. नकाशावरच्या लाल पट्ट्यात केंद्राच्या परवानगीशिवाय उडताच येत नाही. फवारणीचा ड्रोन पिकापासून जेमतेम काही फुटांवर फिरतो.

उणीव आहे ती जमिनीवर. जानेवारी 2019मध्ये मुंबईच्या जागतिक विमान वाहतूक परिषदेत केंद्राने ड्रोन धोरणाचा आराखडा मांडला. त्यात ड्रोनसाठी हवाई मार्गिका होत्या, ड्रोनतळ होते. खाली उभ्या असलेल्या माणसाचा विचार मात्र मला त्यात फार तोकडा वाटतो. मांजरी बुद्रुक जून 2021मध्ये पुणे महापालिकेत आले, ग्रामपंचायत गेली, शेते काही एका दिवसात गेली नाहीत. आज वर घरघर ऐकू आली तर इथल्या माणसाने विचारायचे कुणाला?

म्हणून उड्डाणाच्या आदल्या दिवशी गट क्रमांक, वेळ, कारण आणि ड्रोनचा नोंदणी क्रमांक महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला व पोलिस ठाण्याला कळवणे बंधनकारक करा. या उड्डाणांची नोंदवही ठेवा आणि ती नागरिकांना पाहू द्या. मग मध्यरात्री कुणी फोन केला, तर ठाणे अंमलदाराला वही उघडून सांगता येईल की हे उड्डाण नोंदीत आहे, की गाडी पाठवायला हवी.