चालू प्रश्न : महामार्गाची शाकारणी

महामार्गाच्या खर्चाची चर्चा कौटुंबिक मासिकात कशास, असे एखाद्या वाचकास वाटेल. परंतु कोकणाशी ज्या घराचा काही ऋणानुबंध आहे, त्या घरचा गणपतीस येणारा मुलगा, बाळंतपणासाठी माहेरी निघालेली लेक, मुंबईच्या इस्पितळात न्यावयाचे वृद्ध वडील, ही सारी मंडळी मुंबई-गोवा रस्त्यानेच जातात. तेव्हा त्या रस्त्यासाठी पैसा कोठून येतो व तो कशावर खर्ची पडतो, हे वाण्याच्या उधारीइतकेच आपणांस ठाऊक असावयास हवे.

रस्त्यांसाठी निराळा पैसा असावा, हा विचार आपल्याकडे पद्धतशीरपणे मांडला तो 1927 साली बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने. लांब पल्ल्याचे रस्ते प्रांतांच्या व लोकल बोर्डांच्या ऐपतीबाहेरचे होत चालले होते. म्हणून पेट्रोलवर जादा कर बसवून मध्यवर्ती सरकारने निधी उभारावा, असे समितीने सुचविले, व 1929 साली तसा निधी निघालाही. पुढे 1943 साली नागपुरास मुख्य इंजिनियरांची परिषद भरली. रस्त्यांची राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्ह्याचे व खेड्यांचे अशी प्रतवारी तीत ठरली आणि वीस वर्षांची योजना आखण्यात आली. म्हणजे योजना कशी आखावी, हे आपणांस पाऊण शतकाहून अधिक काळ अवगत आहे. अडते ते पुढेच.

हा महामार्ग पूर्वी क्रमांक 17 चा होता. 2010 पासून तो 66 क्रमांकाचा झाला. पनवेलपासून माणगावजवळच्या इंदापूरपर्यंतचा 84 किलोमीटरांचा पहिला टप्पा चौपदरी करण्याचे काम 2011 साली सुरू झाले. पद्धत अशी की, ठेकेदाराने कर्ज काढून रस्ता बांधावा, टोल घेऊन भांडवल व्याजासह वसूल करावे आणि मुदतीअंती रस्ता सरकारच्या स्वाधीन करावा. कागदावर ही युक्ती नामी दिसते, कारण सरकारच्या तिजोरीस प्रारंभी झळ लागत नाही. पण जमिनी पुरत्या ताब्यात आलेल्या नव्हत्या आणि कर्नाळ्याच्या अभयारण्याची परवानगी रेंगाळली. काम थांबले तरी सावकाराचे व्याज थांबत नाही. भाऊबंदकीचा निकाल लागण्यापूर्वीच समाईक जागेवर कर्जाने घर बांधावयास घेतले, तर जी गत होते, तीच येथे झाली. आणि तो टप्पा वर्षानुवर्षे खड्ड्यांत पडून राहिला.

इंदापूरच्या दक्षिणेस, म्हणजे महाड-पोलादपूरच्या बाजूस, कामाचे तुकडे पाडून ते राज्याच्या बांधकाम खात्यामार्फत देण्यात आले. येथे टोलाच्या भरवशावर न राहता पैसा सरकारनेच घातला. पोलादपूरहून खेडकडे जाताना कशेडीचा घाट ओलांडण्यास सुमारे पाऊण तास लागे. त्या डोंगरातून जवळजवळ दोन किलोमीटरांचे जोडबोगदे खोदण्यात आले, व त्यांतील एक 2023 च्या गणेशोत्सवापूर्वी एकेरी वाहतुकीस खुला झाला. ही सोय मोठी आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

मात्र महाडकरांच्या मनातून जी गोष्ट कधी जाणार नाही, ती नव्या बांधकामाची नव्हे, जुन्याची आहे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडनजीक सावित्रीवरील ब्रिटिश अमदानीतील दगडी पूल कोसळला. महाबळेश्वरी उगम पावणारी ही नदी त्या रात्री दुथडी भरून वाहत होती. मुंबईकडे निघालेल्या जयगड व राजापूर येथील दोन एस.टी. गाड्या व इतर वाहने अंधारात प्रवाहात गेली. शेजारी दुसरा पूल उभा होता. तरीही मुंबईकडे जाणारी वाहने जुन्याच पुलावरून धाडली जात होती. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी होऊन तो वाहतुकीस योग्य ठरला होता, असे पुढे सरकारनेच सांगितले.

त्यानंतर काय झाले तेही पाहावे. नवा पूल 165 दिवसांत पुरा झाला व 5 जून 2017 रोजी वाहतुकीस खुला झाला. जागा हातात, आराखडा तयार आणि पैसा हजर असला म्हणजे आपले इंजिनियर व मजूर काय करू शकतात, हे त्या 165 दिवसांनी दाखविले. मग उणीव कौशल्याची नाही, हे उघड आहे. उणीव आहे ती आधी करावयाची गोष्ट आधी करण्याची.

कोकणातील प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे की, पावसाळ्यापूर्वी घर शाकारावे लागते. शाकारणीचा समारंभ नसतो, तिला कोणी आहेर करीत नाही. पण ती चुकली की आषाढात देवघरापर्यंत पाणी येते. सरकारी खर्चाचेही तसेच आहे. नव्या पुलाचे उद्घाटन होते. जुन्या पुलाच्या पायाखालील माती वाहून गेली की काय, हे पाहण्यासाठी पाणबुड्या उतरविला तर त्याची कोनशिला कोणी बसवीत नाही. म्हणून नव्या कामास कोट्यवधी रुपये मिळतात व देखभालीच्या वाट्यास उरलेसुरले येते. त्यात पाण्याखालचा पाया वरून दिसत नाही. नुसत्या नजरेने केलेली पाहणी ही पाहणीच नव्हे.

दुर्घटनेनंतर त्याच वर्षी राष्ट्रीय महामार्गांवरील पुलांची देशभर नोंदणी सुरू झाली, ही गोष्ट चांगली झाली. पण नोंदवही म्हणजे दुरुस्ती नव्हे. आपल्या तालुक्यातील जुन्या पुलांची पाहणी केव्हा झाली, कोणी केली, पायापर्यंत केली काय व दुरुस्तीस किती रक्कम मंजूर झाली, हे माहितीच्या अधिकाराखाली विचारता येते. दरवर्षी वैशाखात घरातील एकाने हा अर्ज लिहावा. घराची कौले आपण मोजून घेतो. ज्या पुलावरून आपली माणसे रात्री घरी येतात, त्याचीही चौकशी त्याच महिन्यात व्हावी.