बाटलीतला उजेड आणि फीडरची नोंद

पावसाळा लागला की दोन प्रकारचे मेसेज हमखास फिरतात. एक, "अमुक फीडर बंद, काम चालू आहे, सहकार्य करावे." आणि दुसरा, मोबाईलच्या टॉर्चवर पाण्याची बाटली ठेवून खोलीभर उजेड पाडायचा व्हिडिओ. दुसऱ्या मेसेजला लाईक जास्त मिळतात. पहिल्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. मला बोलायचंय ते दोन्हीबद्दल.

आधी बाटलीचं. युक्ती खरी आहे, खोटी नाही. बॅटरीच्या काचेमागची चकचकीत वाटी सगळा उजेड एका झोतात ढकलते. शेतात साप बघायला, डीपीकडे जायला तो झोत बरा. पण घरात तोच झोत भिंतीवर एक पांढरा गोल पाडतो आणि बाकी खोली काळोखातच राहते. समोर बसलेल्याच्या डोळ्यांत जातो ते वेगळंच. हा झोत फोडून पसरवला की झाला कंदील.

बाटलीपेक्षा सोपं आणि चांगलं काम खाद्यतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन करतो, तो दुधाळ पांढरा असतो तो. स्वच्छ धुवायचा, पाणी भरायचं आणि डोक्याला बांधायची बॅटरी तोंड आत करून त्याला पट्ट्याने आवळायची. अख्खा कॅन मंद उजळतो. पारदर्शक बाटलीच असेल तर पाण्यात दुधाचे चार-दोन थेंब टाका, पाणी गढूळ झालं की उजेड सगळीकडे सारखा पसरतो. (दुसऱ्या दिवशी ओतून द्या, नाहीतर वास मारेल.) काहीच नसेल तर बॅटरी तांब्यात उभी करून झोत वर सोडा. आढं पांढरं असेल तर तेवढ्यावर जेवणं होतात. पत्र्याच्या किंवा कौलाच्या घरात मात्र हे जमत नाही, उजेड वरच गडप होतो. तिथे बॅटरीच्या तोंडावर पांढरी पिशवी सैल बांधायची. सैलच. जुन्या पिवळ्या बल्बची किंवा जास्त ताकदीची बॅटरी तापते, प्लास्टिक काचेला चिकटून वितळतं.

एक गैरसमज मात्र काढायला हवा. बाटलीने उजेड वाढत नाही, उलट थोडा कमीच होतो, फक्त वाटला जातो. आणि ब्राझीलच्या अल्फ्रेडो मोझर या मेकॅनिकची जी बाटली या व्हिडिओंत घुसडतात, तिचा इथे संबंध नाही. त्याने २००२ च्या सुमारास पाणी आणि थोडं ब्लीच भरलेली बाटली छपरातून अर्धी बाहेर काढून बसवली. ती सूर्याचा उजेड आत आणते. रात्री ती नुसती बाटली असते.

हे सगळं मेणबत्तीपेक्षा आणि चिमणीपेक्षा शंभरपट चांगलं. पडदा पेटत नाही, लहान पोराने पाडली तर घर जळत नाही, धूर नाही. रेशनचं रॉकेल तसंही आता कुठे दिसत नाही. म्हणून ज्याच्या घरी म्हातारं माणूस आहे, दहावीचं पोरगं आहे, त्याने असा एक कॅन आजच तयार करून कोपऱ्यात ठेवावा. मोबाईल मात्र त्यात अडकवू नये. त्याचं चार्जिंग दुसऱ्या कामाला लागतं.

ते काम म्हणजे १९१२ ला फोन.

आपण काय करतो? लाईट गेली की गॅलरीत येऊन बघतो, समोरच्याचीही गेली का. त्याचीही गेली असेल तर निवांत होतो. ओळखीच्या वायरमनला फोन लावतो. तो बिचारा आधीच कुठल्यातरी खांबावर असतो. त्याच्यावर माझा राग नाही. चार गावं, एक माणूस, वर पाऊस, आणि तुटलेली फांदी काढायलाही तोच. पण वायरमनला केलेल्या फोनची कुठेही नोंद होत नाही. तक्रार क्रमांक मिळत नाही. पुरवठा किती वेळ बंद होता याचे आकडे सहसा ११ केव्ही फीडरवरून मोजले जातात. फीडर चालू आणि तुमच्या गल्लीचा डीओ उडालेला, तर कागदावर तुमच्याकडे लाईट असते! तुम्ही अंधारात जेवता आणि अहवालात उजेड असतो.

वीज कायदा २००३ च्या कलम ५७ मध्ये सेवेचे मानक ठरवायची तरतूद आहे. ते पाळलं नाही तर ग्राहकाला भरपाई द्यावी लागते. राज्य वीज नियामक आयोगाने फ्यूज, तुटलेली तार, जळालेला ट्रान्सफॉर्मर, प्रत्येकाची मुदत ठरवलेली आहे. शहराला कमी वेळ, खेड्याला जास्त. (खेड्यातला अंधार जास्त सोसण्यासारखा असतो असं कुणाला वाटलं, देव जाणे.) केंद्राचे ग्राहक हक्क नियम डिसेंबर २०२० मध्ये आले. त्यात चोवीस तास पुरवठा हा हक्क म्हणून लिहिलाय, शेतीसारख्या काही वर्गांसाठी आयोग कमी तास ठरवू शकतो एवढी सवलत ठेवून. घरगुती बिल भरणाऱ्याला हे माहीत असायला हवं. पण मुदत मोजायची कुठून? तक्रार नोंदवली त्या वेळेपासून. तक्रारच नाही, तर घड्याळ सुरूच होत नाही.

म्हणून मला या व्हिडिओंची थोडी भीतीही वाटते. आपली माणसं कशातूनही मार्ग काढतात याचं कौतुक करता करता आपण तोच कायमचा मार्ग मानायला लागतो. इन्व्हर्टरवाल्याने इन्व्हर्टर घेतला, त्याचा आवाज बंद झाला. ज्याला परवडत नाही त्याच्या हातात आता कॅन आला. मे महिन्यात फांद्या तोडल्या का, तडकलेले इन्सुलेटर बदलले का, हे विचारायला उरलं कोण?

तर मंडळी, एवढं करा. कॅन उजळला की त्याच उजेडात वहीवर तीन गोष्टी लिहा: लाईट किती वाजता गेली, तक्रार क्रमांक काय मिळाला, किती वाजता आली. १९१२ लागत नसेल तर ॲपवरून नोंदवा आणि स्क्रीनशॉट ठेवा. गल्लीतल्या पाच घरांनी वेगवेगळी नोंद करा, "एकाने केली म्हणजे झालं" नको. गणपतीपर्यंतच्या नोंदी माझ्याकडे पाठवा, गावाचं आणि डीपीचं नाव टाकून. मी त्या एकत्र करून उपविभागाच्या अभियंत्यांपुढे ठेवणार आहे. तिथे उत्तर मिळालं नाही तर तक्रार निवारण मंच आहे, आणि तिथे कागद लागतो.