इस्रायलचे आप्त कोण?

बायबलमधील इस्रायल म्हणजे केवळ अब्राहामाच्या रक्ताचे कुळ, असे जे ठामपणे सांगितले जाते, त्यास त्या ग्रंथाचाच आधार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मिसर देशातून दास्यमुक्त होऊन निघालेल्या लोकांबरोबर नानाजातींचा मोठा समुदाय होता, आणि सुंता करून घेणाऱ्या परक्यास वल्हांडणात देशजाप्रमाणेच स्थान द्यावे, अशी आज्ञा निर्गमाच्या बाराव्या अध्यायातच नमूद आहे. अनुवाद या पुस्तकाने मवाब्यांना दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत मज्जाव केला खरा. तथापि ज्या मवाबी रूथने वैधव्यात आणि अन्नान्न दशेत सासूची संगत न सोडता तिचे लोक व तिचा देव आपले मानले, तिचाच पणतू दावीद इस्रायलचा राजा झाला.

बाबेलच्या बंदिवासातून इस्रायली लोक परतल्यावर एज्रा शास्त्र्याच्या पुढाकाराने परक्या स्त्रियांना संततीसह दूर करण्याचा जो निर्बंध झाला, त्यामागे लहानशा, पराभूत समाजाची अस्तित्वाविषयीची भीती होती, हे मी जाणतो. परंतु त्या स्त्रियांत एखादी रूथ असेल काय, याची विचारपूस झाल्याचे तेथे दिसत नाही.

वंश की निष्ठा, हा वाद आपल्या कोकणापर्यंतही पोहोचला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील बेने इस्रायल ज्यू शतकानुशतके शब्बाथ व सुंता पाळीत आले. त्यांच्यापैकी जे इस्रायल देशी गेले, त्यांच्या विवाहप्रसंगी पूर्वजांच्या वंशाची तपासणी व्हावी, असे फर्मान तेथील प्रमुख धर्मपीठाने १९६२ साली काढले, आणि मोठ्या आंदोलनानंतर १९६४ साली त्यातून त्यांचे नाव वगळले. इतक्या पिढ्या ज्यांनी आचरणाने आपली निष्ठा सिद्ध केली, त्यांच्याकडे वंशाचा दाखला मागणे हा अन्यायच होता.