मिरर केला म्हणे! पण कुठे?

आपल्या धंद्यात काही वाक्यं अशी आहेत, की ती कानावर पडली की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. ‘टेस्टिंग झालंय.’ ‘बॅकअप चालू आहे.’ आणि माझं सर्वांत नावडतं, ‘सर, व्हॉल्यूम मिरर केलाय.’ यावर मी एकच विचारतो, कुठे? समोरचा माणूस माझ्याकडे असा बघतो, जणू लग्नाच्या पंगतीत बसून मी मिठाची कंपनी विचारली.

आज त्या ‘कुठे’वरच भांडायचं आहे.

ज्यांचा या प्रांताशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लिनक्सवर एलव्हीएम नावाची व्यवस्था असते. खऱ्या डिस्क म्हणजे पीव्ही. त्या एकत्र करून जी सामाईक जमीन होते ती व्हीजी. आणि त्या जमिनीतून हवे तेवढे तुकडे कापून जो प्लॉट बनवायचा तो एलव्ही, म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम. एकेक तुकडा सहसा ४ एमबीचा. वर बसलेल्या डेटाबेसला आपण नक्की कुठल्या डिस्कवर आहोत हे कळत नाही, आणि कळायची गरजही नाही. हाइन्झ माउएल्सहागेन यांनी १९९८ साली हे लिनक्ससाठी लिहिलं, ते एचपी-यूएक्सच्या व्हॉल्यूम मॅनेजरवर बेतून. कल्पना एकदम झकास, यात वादच नाही.

आणि त्यात एलव्हीकन्व्हर्ट ही कमांड म्हणजे तर चमत्कार आहे. एका डिस्कवरचा साधा व्हॉल्यूम, वर डेटाबेस धावतोय, लोक एंट्र्या करतायत, आणि तुम्ही एक ओळ टाइप करून त्याची दुसरी प्रत उभी करता. सर्व्हर बंद नाही, अनमाउंट नाही, रात्री दोनची शिफ्ट नाही:

एलव्हीकन्व्हर्ट -एम १ व्हीजीडेटा/पगार

(देवनागरी माझ्या हौसेखातर आहे, अशीच टाइप करू नका राव!) ‘-एम १’ म्हणजे मूळ प्रतीखेरीज एक जादा प्रत, एकूण दोन. एआयएक्सवरून आलेली मंडळी इथे हमखास अडखळतात, कारण तिथे एमकेएलव्हीकॉपीला एकूण प्रती सांगायच्या असतात. जुन्या सवयीने इकडे २ लिहिलं की तीन प्रती तयार. पण हे किरकोळ. फार तर डिस्क वाया जाते.

खरी गोम पुढे आहे. ही कमांड आधी विचारते, की दोन प्रतींच्या रेड१ मध्ये बदलून टिकाऊपणा वाढवायचाय, नक्की ना? आपण वाय दाबतो. (स्क्रिप्टवाले तर आधीच ‘-वाय’ लिहून मोकळे झालेले असतात.) क्षणात उत्तर येतं, व्हॉल्यूम यशस्वीपणे कन्व्हर्ट झाला. आणि आमचा इंजिनिअर टिकिट बंद करून चहाला जातो. त्या क्षणी दुसऱ्या प्रतीत जवळजवळ काहीही नसतं! जुन्या पद्धतीच्या मिररमध्ये कमांड निदान टक्केवारी दाखवत थांबायची. रेड१ मध्ये ती लगेच परत येते आणि कॉपी मागे कर्नलमध्ये चालू राहते. सेकंदाला १०० एमबी धरले, तर ५०० जीबीला साधारण दीड तास. आणि वर काम चालू असेल तर जास्तच. या वेळात मूळ डिस्क गेली तर हातात अर्धवट प्रत. एलव्हीएस मारून बघा, सिंकची टक्केवारी समोर असते. ‘-ए’ लावलंत तर न भरलेल्या प्रतीच्या खुणेत मोठा आय दिसतो, भरला की तो छोटा होतो. एका अक्षराचा फरक, पण बघतो कोण?

बरं, समजा १०० टक्के सिंक झालं. तरी माझा प्रश्न उभाच आहे. कुठे?

वरच्या कमांडमध्ये डिस्कचं नाव नाही. म्हणजे आपण एलव्हीएमला सांगितलं, बाबा रे, तुला वाटेल तिथे ठेव. आणि एलव्हीएम एवढंच बघतं, की दुसरी प्रत वेगळ्या पीव्हीवर असावी. आता पीव्ही म्हणजे काय? एकाच डिस्कची दोन पार्टिशन केलीत तर त्या त्याच्या लेखी दोन पीव्ही. एकाच स्टोरेज पेटीतून कापून दिलेले दोन लन, तेही दोन पीव्ही. त्याच्या हिशोबाने सगळं नियमात. आपल्या हिशोबाने घराची डुप्लिकेट किल्ली करून ती त्याच जुडग्यात अडकवली. मिररच्या प्रतीला इंग्रजीत ‘पाय’ म्हणतात. हे म्हणजे दोन्ही पाय एकाच बुटात.

मी हे गमतीने लिहीत नाहीये. एका क्लायंटकडे ऑडिटची एक शीट होती. दरेक सर्व्हरपुढे रकाना, ‘मिरर्ड: हो / नाही’. सगळीकडे ‘हो’, सगळं हिरवंगार. एका शनिवारी एका स्टोरेज पेटीचं कंट्रोलर फर्मवेअर बदलताना पेटी बसली आणि उठलीच नाही. पगाराच्या व्हॉल्यूमचे दोन्ही पाय त्याच पेटीत होते. बॅकअप होता तो बुधवार रात्रीचा. गुरुवार-शुक्रवारच्या ओव्हरटाइमच्या आणि हजेरीच्या नोंदी गेल्या त्या गेल्या. रविवारी अकाउंट्सच्या तीन बायका आणि एक काका कागदी मस्टर घेऊन बसले आणि त्यांनी सगळं परत टाइप केलं. त्यांच्यातल्या एकीने मला विचारलं, ‘अहो, तुमच्याकडे दोन कॉप्या असतात ना?’ मी काय सांगणार? होत्या ना, ताई. दोन होत्या.

नंतर जो रिपोर्ट आला त्यात कारण लिहिलं होतं, ‘अनपेक्षित स्टोरेज बिघाड’. अनपेक्षित? मिरर करायचा तो बिघाड अपेक्षित असतो म्हणूनच ना? अनपेक्षित काही असेल तर एवढंच, की व्हॉल्यूमचा सातबारा कोणी कधी काढलाच नव्हता. आणि तो काढायला तलाठ्याकडे खेपा घालाव्या लागत नाहीत:

एलव्हीएस -ए -ओ +डिव्हायसेस

एक ओळ. कुठला पाय कुठल्या डिस्कवर, सगळं समोर. मग एलएसबीएलके किंवा मल्टिपाथ -एलएल मारून ती डिस्क कुठल्या पेटीची ते बघायचं. पाच मिनिटं लागतात. पाच मिनिटांचं हे काम कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं, कारण यादीत फक्त ‘हो / नाही’ होतं.

यावर मला मिळणारी उत्तरं ठरलेली आहेत. पहिलं, ‘अरे, पेटीच्या आत रेड आहेच की, एवढं काय!’ उत्तम. मग वर त्याच पेटीत मिरर कशासाठी केला? जागा दुप्पट, लिहिण्याचं काम दुप्पट, आणि पदरात जवळपास शून्य. पेटीवर भरवसा असेल तर मिरर करू नका आणि शीटमध्ये सरळ ‘नाही’ लिहा. भरवसा नसेल तर दुसऱ्या पेटीत करा. हे मधलं जे आहे ती निव्वळ धूळफेक आहे, आणि ती आपण स्वतःच्याच डोळ्यांत करतोय.

दुसरं उत्तर, ‘रनबुकमध्ये जी कमांड आहे ती मारली.’ याचा मला खरंच राग येतो. काळ्या स्क्रीनवर टाइप करणारा म्हणजे एक्स्पर्ट असा आपल्याकडे एक दबदबा आहे. पण कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी दुसऱ्या मशीनसाठी लिहिलेली ओळ चिकटवणं आणि माउसने ‘नेक्स्ट-नेक्स्ट’ करणं यात फरक काय? कमांड लाइनचा सगळा फायदा हाच, की तिथे तुम्ही नाव घेऊन सांगू शकता. शेवटी एक शब्द जोडायचा, /डेव्ह/एसडीसी१, की दुसरा पाय तिथेच जाणार. जागा नसेल तर कमांड तोंडावर नाही म्हणेल, गुपचूप दुसरीकडे ठेवणार नाही. मिरर मोडतानाही तेच. ‘-एम ०’ लिहिताना कुठली प्रत काढायची ते सांगितलं नाही, तर ती निवड तुमची राहत नाही. जी पेटी काढून न्यायचीय तिच्यावरचीच प्रत शिल्लक राहिली, तर मग बसा.

आणि एकदा नीट केलं म्हणजे सुटलो असंही नाही. सहा महिन्यांनी व्हॉल्यूम भरतो, कुणीतरी एलव्हीएक्स्टेंड मारतो, आणि वाढीव तुकडे जिथे जागा मिळेल तिथे जातात. पहिल्या पायाची शेपटी दुसऱ्या पेटीत, दुसऱ्याची पहिलीत. वरून मिरर ठणठणीत, आतून भेंडोळं. यावर इलाज एलव्हीएममध्येच आहे. पीव्हीचेंज --ॲडटॅग वापरून प्रत्येक पीव्हीवर पेटीचं नाव चिकटवायचं. मग कमांडमध्ये डिस्कऐवजी ‘@पेटी२’ असं लिहिता येतं. आणि एलव्हीएमच्या कॉन्फिग फाइलमध्ये क्लिंग टॅग लिस्ट म्हणून एक ओळ आहे, तिथे ही नावं दिली आणि व्हॉल्यूमची ॲलोकेशन पॉलिसी ‘क्लिंग’ ठेवली, की वाढवताना प्रत्येक पाय आपापल्याच पेटीत वाढतो. त्या फाइलमधल्या टिपणीत उदाहरणच दोन ठिकाणी ठेवलेल्या मिररचं आहे. म्हणजे लिहिणाऱ्यांना हा घोळ आधीच माहीत होता. आपण फाइल उघडत नाही एवढंच.

त्याच फाइलमध्ये आणखी एक गंमत. रेडचा पाय निकामी झाला तर काय करायचं याचं डिफॉल्ट धोरण आहे ‘वॉर्न’. म्हणजे लॉगमध्ये एक ओळ लिहायची आणि गप्प बसायचं. ती ओळ कोणी वाचत नसेल, तर तुमचा मिरर गेले चार महिने एका पायावर लंगडी घालत असू शकतो.

(‘मिरर म्हणजे बॅकअप नव्हे’ हा वाद जुना आहे, त्यात शिरत नाही. चुकून उडवलेली फाइल दोन्हीकडून तितक्याच इमानाने उडते, एवढं पुरे.)

तिसरं उत्तर हल्ली जास्त ऐकू येतं, ‘आता काय, सगळं क्लाउडवर!’ घ्या. ॲमेझॉनचा ईबीएस व्हॉल्यूम एका झोनमध्ये असतो आणि त्याच झोनमधल्या मशीनलाच जोडता येतो. झोनच्या आत त्याच्या प्रती ते ठेवतातच. म्हणजे मुंबई रीजनमधल्या तुमच्या मशीनला दोन ईबीएस लावून त्यांचा एलव्हीएम मिरर केलात, तर दोन्ही पाय एकाच झोनमध्ये, नाइलाजच आहे. झोन आडवा झाला तर काय, याचं उत्तर एलव्हीकन्व्हर्टकडे नाही. ते डेटाबेसच्या पातळीवर, दुसऱ्या झोनमध्ये प्रत ठेवून द्यावं लागतं. बूट बदलला, पाय आतच.

सध्याच्या टीममध्ये मी एक मागणी लावून धरली आहे. शीटमधला ‘मिरर्ड: हो / नाही’ हा रकाना काढा आणि त्याजागी दोन रकाने करा, ‘पहिला पाय कुठल्या पेटीत’ आणि ‘दुसरा पाय कुठल्या पेटीत’. मॅनेजर म्हणाले, फॉरमॅट ऑडिटकडून येतो, बदलता येणार नाही. ऑडिटवाले म्हणाले, फॉरमॅट तुमच्याच टीमने दिलाय. तेव्हा तूर्तास मी ‘शेरा’ या रकान्यात पेट्यांची नावं भरतोय. आतापर्यंत चौदा सर्व्हर झालेत. त्यातल्या तीन ठिकाणी दोन्ही नावं एकच निघाली.