शेवटचं तोंड बघण्याचा हक्क

2021 ची भीमजयंती आपण सर्वांनी घरातच साजरी केली. दुसऱ्या दिवशी, 15 एप्रिलला, 'वर्ल्ड प्रेस फोटो'चा 2021 चा सर्वोच्च पुरस्कार जाहीर झाला. डेन्मार्कचे छायाचित्रकार मॅड्स निसेन यांनी ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या एका वृद्धाश्रमात काढलेला तो फोटो आहे. 85 वर्षांच्या आजीला एक परिचारिका मिठी मारते आहे आणि दोघींच्या मध्ये प्लास्टिकचा पडदा आहे. पाच महिन्यांत आजीला मिळालेली ती पहिली मिठी. आपल्यापैकी अनेकांनी तो फोटो मोबाईलवर पाहिला, पुढे पाठवला.

त्यानंतर दहा दिवसांनी, 25 एप्रिलला, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून 22 मृतदेह एकाच रुग्णवाहिकेतून स्मशानभूमीकडे नेले गेले. काही नातेवाइकांनी फोटो, व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली, तेव्हा पोलिसांनी त्यांचे मोबाईल काढून घेतले आणि अंत्यविधी उरकल्यावर परत दिले, असे बातम्यांत आले. तरीही ते दृश्य बाहेर आलेच. देशभर पोचले आणि मग चौकशीचे आदेश निघाले.

रुग्णवाहिका दोनच होत्या, आणखी मागितल्या होत्या, असे रुग्णालय प्रशासनाचे म्हणणे होते. ते खरे असेल. 6 एप्रिलला याच अंबाजोगाईत एका चितेवर आठ जणांना अग्नी द्यावा लागला, तेव्हाही जागा अपुरी होती, कारण नेहमीच्या ठिकाणाला आसपासच्या रहिवाशांनी विरोध केला होता. रुग्णवाहिका कमी पडल्या हे समजू शकतो. पण लोकांच्या हातातले मोबाईल कमी करून काय साधले?

फोटोमुळे मृतांची विटंबना होते, असा युक्तिवाद केला जातो. बाहेरच्या माणसाने चितेजवळ उभे राहून स्टेटसला टाकण्यासाठी फोटो काढला, तर आम्हीही त्याला हटकू. पण स्वतःच्या बापाचा देह कोणत्या गाडीत आहे, हे शोधणाऱ्या मुलाचा मोबाईल वेगळा. तो पुरावाही गोळा करत असतो आणि निरोपही घेत असतो. आणि विटंबना गाडीत आधीच झालेली होती. किराणा किट वाटताना घेणाऱ्या बाईच्या पडलेल्या चेहऱ्याचे फोटो वर्षभर बिनदिक्कत निघाले, तेव्हा प्रतिष्ठेची आठवण कोणाला झाली नाही.

बीडच्या माणसाला ताटातूट नवी नाही. दिवाळीच्या आगेमागे कोयता निघतो. म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे गावात, नवरा-बायको कारखान्यावर. 2020 च्या टाळेबंदीत ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात कोप्यांमध्ये अडकले. 17 एप्रिल 2020 ला सरकारने परतीची परवानगी दिली, तेव्हा 38 कारखान्यांवरच्या सुमारे 1 लाख 31 हजार मजुरांचा हा प्रश्न होता. त्या दिवसांत घरच्यांचे तोंड दिसायचे ते मोबाईलच्या पडद्यावरच. ज्यांचे नाते वर्षातले सहा महिने त्या पडद्यावर जगते, त्यांच्यासाठी मोबाईलमधला फोटो ही हौसेची वस्तू नाही.

गावोगावी आम्हाला एकच वाक्य ऐकायला मिळते: "शेवटचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही." पुण्यानुमोदनाला मांडायला फोटो हवा म्हणून आधारकार्डावरचा धूसर चेहरा मोठा करून आणलेला आम्ही पाहिला आहे. लोक समजतात, कोरोनाचा नियमच तसा आहे. तो तसा नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्च 2020 मध्ये मृतदेहांच्या व्यवस्थापनाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. कर्मचाऱ्यांनी खबरदारी घेऊन पिशवीची चेहऱ्याकडची चेन उघडावी आणि नातेवाइकांना अंत्यदर्शन घेऊ द्यावे, याला त्यात मुभा आहे. देहाला हात न लावता धार्मिक पठण करायलाही मुभा आहे. म्हणजे अंतर राखून त्रिसरण-पंचशील घेता येते. मिठी मारणे, आंघोळ घालणे, चुंबन घेणे एवढ्याला मनाई आहे. साओ पाउलोत प्लास्टिकच्या पडद्याने जे साधले, त्याच्यापेक्षा कमी खर्चात हे होते.

एका पाळीत पंचवीस देह हाताळणाऱ्या सफाई कामगाराला चेन उघडायला वेळ कुठे, हा प्रश्न रास्त आहे. ती माणसे बहुतेक आपल्याच वस्त्यांतली, कंत्राटी, पीपीई किटमध्ये घामाने निथळणारी. त्यांच्याशी भांडून उपयोग नाही. माणसे वाढवा, रुग्णवाहिका वाढवा ही मागणी जिल्हाधिकारी कार्यालयाकडे करायची आहे. सोबत आणखी एक: प्रत्येक कोविड वॉर्डात व्हिडिओ कॉलसाठी एक टॅब ठेवावा, म्हणजे माणूस जिवंत असतानाच घरच्यांना दिसेल.

तोवर त्या सूचनांची प्रत मोबाईलमध्ये ठेवा. रुग्णाची प्रकृती खालावल्याचे कळताच नातेवाइकांच्या सहीने अंत्यदर्शनाचा लेखी अर्ज द्या, त्यावर वॉर्ड, तारीख आणि वेळ लिहा आणि पोच घ्या. तोंडी विनंतीची नोंद कुठेही राहत नाही.