पीएच.डी. झाली, पुढे काय?



मध्यंतरी आमच्या सल्ला केंद्रावर एक तरुणी आली. मारहाण नव्हती, हुंड्याचा जाच नव्हता. कोरडवाहू शेतकऱ्याची ही मुलगी कृषी विद्यापीठातून पीएच.डी. झालेली. परगावच्या एका संस्थेतले मार्गदर्शक तिला पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपसाठी घ्यायला तयार होते. अर्जाची तारीख जवळ आली होती आणि मूल दीड वर्षाचं. "घरचे नाही म्हणत नाहीत ताई, पण हो असंही कुणी म्हणत नाही," ती म्हणाली.

हा तिच्या एकटीचा प्रश्न नाही. शेती असो, जीवशास्त्र असो की मटेरिअल सायन्स, पीएच.डी.नंतरची ही दोन-तीन वर्षं म्हणजे कायम नोकरीची पायरी. पीएच.डी. होईतो तिशी येते. राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपला वयाची अट ३५, स्त्रियांना ५ वर्षांची सवलत. नेमकी हीच वर्षं लग्नाची, बाळंतपणाची, नवऱ्याच्या बदलीची. पुरुषाचं काम ज्या वयात उभं राहतं, त्याच वयात बाईचं सुटतं.

१९३३ साली कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांना बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. वर्षभराच्या अटीवर प्रवेश घेतला आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. आज असं तोंडावर कुणी सांगत नाही. वयाची अट आणि पाळणाघर नसलेली प्रयोगशाळा तेच काम न बोलता करतात.

कामात खंड पडलेल्या स्त्रियांसाठी केंद्र सरकारने २००२-०३ मध्ये महिला शास्त्रज्ञ योजना आणली. आज 'वाईज-किरण' या नावाखाली अशा योजना चालतात आणि त्यांत वयाची अट बरीच सैल आहे. हे चांगलंच आहे. पण मुदत संपल्यावर कायम जागा कुठे, याचं उत्तर त्यांत नाही.

यात आपला काय संबंध, असं काहींना वाटेल. रोपं लावतात बायका, खुरपतात बायका. संशोधन कोणत्या प्रश्नावर व्हावं हे ठरतं तिथे मात्र त्या नसतात. बाई आली की बायकांचे प्रश्न आपोआप येतील असं नाही, पण तिथवर जायची वाट तरी मोकळी हवी.

आपल्या गटांना करण्यासारखं बरंच आहे. मुलींच्या वसतिगृहांत या योजनांची माहिती पोचवू या. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं, ही तरतूद २०१७ साली कायद्यात आली. जवळच्या संशोधन संस्थेत ते आहे का, विचारू या. आणि घरच्यांशी बोलण्याचं आपलं नेहमीचं काम इथेही करू या.

त्या मुलीच्या घरी आम्ही दोनदा जाऊन बसलो. पहिले काही महिने सासूबाई सोबत राहणार आहेत, पुढे नवरा बदली मागणार आहे. अर्ज गेला आहे.