सकाळचा पाय
चालता-बोलता : ‘पादचारी’

गेल्या आठवड्यात या सदरात सकाळच्या रपेटीचे माहात्म्य वर्णिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांनी फिरण्याविषयी अवाक्षर न काढता टाचेची कैफियत मांडली आहे. अंथरुणातून उठून पहिली चार-सहा पावले टाकताना टाचेत खिळा रुतावा तशी कळ उठते, थोडे चालल्यावर ती शमते, आणि बराच वेळ बसून उठले की पुन्हा हजर होते. तेव्हा ‘ऑर्थोपेडिक’ जोडा कोणता घ्यावा, अशी पृच्छा आहे.

ही कळ मी स्वतः भोगलेली आहे. प्रथम मीही एका दुकानात शिरलो, खोक्यावरच्या त्या भारदस्त शब्दाला सरकारी मोहोर समजलो, आत अंगठा दाबताच तो लोण्यात रुतावा तसा रुतला म्हणून संतुष्ट झालो, आणि महिनाभरात त्या स्पंजाचा टाचेखाली पापड होऊन दुखणे पूर्ववत बहाल झाले. मऊपणा आणि आधार या दोन भिन्न वस्तू आहेत, हे ज्ञान मला असे विकत घ्यावे लागले. टाचेला मागून कवेत घेणारी भिंत चिमटीत दबता कामा नये, जोडा ओल्या पंच्यासारखा पिळता येऊ नये, आणि वाकायचा तो फक्त चवड्यापाशी वाकावा. एवढे जमले की मग गादीची चौकशी करावी.

पुढे डॉक्टरांच्या चिठ्ठीनिशी ज्या कारागिराकडे गेलो, त्याने नवे काही दाखवण्यापूर्वी माझाच जुना जोडा मागून घेतला आणि उलटा धरला. कचेऱ्यांतून जोडे झिजवण्यात माझे निम्मे आयुष्य गेले, पण ते नेमके कोठे झिजतात हे मी तोवर पाहिले नव्हते. टाचेची आतली कड अधिक खाल्ली गेली होती. “पाय आत कलतोय, साहेब,” तो म्हणाला. मग कोऱ्या कागदावर मला उभे करून, कारण बसल्या पायाला देहाचा भार ठाऊक नसतो, त्याने पेन्सिल ताठ धरून दोन्ही पायांभोवती रेघ ओढली. उजवा पाय डाव्याहून दोन सूत लांब निघाला. “जोडा मोठ्या पायाच्या मापानं घ्यायचा, पुढं अंगठ्याएवढी जागा सोडायची, आणि यायचं संध्याकाळी. सकाळचा पाय खोटं बोलतो.” दिवसभरात पाय सुजतो, हे शास्त्र त्याने एका वाक्यात निकालात काढले. पेट्रुस कांपर या डच शरीरशास्त्रज्ञाने अठराव्या शतकातच जोड्याच्या उत्तम आकारावर प्रबंध लिहून फॅशनच्या जुलमाविरुद्ध फिर्याद गुदरली होती. त्या काळी डावा-उजवा भेद न करता एकाच कलबुतावर दोन्ही जोडे बेतले जात. आज भेद होतो, पण चोचदार जोड्यात पाचही बोटे कोंबणारे आपण कांपरला फारसे अपरिचित वाटणार नाही.

कोल्हापुरी चपलेच्या अभिमान्यांनी रागावू नये. निरोगी पायाला ती शोभते, पण दुखऱ्या टाचेला तिचा सपाट, कठीण तळ मानवत नाही.

मधुमेह्यांचा मामला मात्र निराळा. तेथे मज्जातंतू बधिर झाल्यामुळे पाय तक्रारच करीत नाही. खडा रुतला, फोड फुटला, तरी मालकाला वार्ता नसते. अशांनी जोडा घालण्यापूर्वी दर वेळी आत हात फिरवावा, आणि चप्पल मागच्या पट्ट्याचीच घ्यावी, कारण बधिर पायातून ती वाटेत गळून पडली तरी कळत नाही. एमसीआर म्हणून जी मऊ रबरी तळाची चप्पल इस्पितळांतून फर्मावली जाते, तिची परंपरा कुष्ठरुग्णांच्या पायांसाठी वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या परिश्रमांपर्यंत पोहोचते. दुर्दैवाने हाच तिचा डाग ठरला. ‘ती रोग्यांची चप्पल’ म्हणून ती नाकारणारे सुशिक्षित मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या या प्रतिष्ठेची मला कीव येते.

आमच्या मावशीनेही सहा महिने ती खाटेखाली दडवली होती. आता घालते. देवळात दुपारच्या तापल्या फरशीवर जाड मोजे चढवून जाते, आणि परत आल्यावर चप्पल जागच्या जागी सापडते. “हिला चोरसुद्धा हात लावत नाही,” असे ती शेजारणींना अभिमानाने सांगते.